पगार दिसतो, जमीन दिसत नाही

बारावीचा निकाल लागल्यावर पप्पा आणि मी उत्पन्नाच्या दाखल्यासाठी तहसील कार्यालयात गेलो होतो. पप्पा नगरपरिषदेत सफाई कामगार, कायम नोकरीत. लाड-पागे समितीच्या शिफारशींमुळे आजोबांच्या जागी लागलेले. म्हणजे झाडू वारसाहक्काने आला आणि त्याच्यासोबत पगारही. पगाराच्या दाखल्यावर वर्षाचे २,४८,४०० रुपये होते. अर्जात 'इतर उत्पन्न' असा एक रकाना होता. पप्पांनी तिथे आईच्या पोस्टातल्या ठेवीचं व्याज लिहिलं, ३,१५० रुपये. ती ठेव आईने भिशीच्या पैशांतून केलेली, माझ्या पुढच्या शिक्षणासाठी. खिडकीपलीकडच्या बाबूने बेरीज केली, २,५१,५५० झाली, आणि तो हळहळला. "हे व्याज कशाला लिहिलंत? दीड हजारानं गेलं की पोरीचं." पप्पा म्हणाले, "साहेब, आहे ते लिहिलं."

माझी फी भरली गेली, कारण अडीच लाखांच्या वर उत्पन्न असलेल्या अनुसूचित जातीच्या विद्यार्थ्यांना महाराष्ट्रात फ्रीशिप आहे. ते नाकारत नाही. गेला तो निर्वाह भत्ता आणि गेली समाजकल्याणच्या वसतिगृहातली जागा. आमच्या गावात सिनियर कॉलेज नव्हतं, म्हणून शहरात खोली घेतली. आईची ठेव पहिल्याच वर्षी मोडली. म्हणजे ज्या बचतीमुळे मी अपात्र ठरले, ती बचत अपात्र ठरल्यामुळेच संपली. पुढच्या वर्षी व्याज लिहायची वेळ आली नाही. पण तोवर पप्पांचा महागाई भत्ता वाढला होता आणि नुसत्या पगारानेच आम्ही रेषेच्या वर गेलो होतो.

त्याच रांगेत वर्गातली एक मैत्रीण होती. घरी बारा एकर बागायत, ऊस, दारात ट्रॅक्टर. तिच्या दाखल्यावर ७२,००० रुपये. तिने काही खोटं बोललं असं मी म्हणत नाही. तिला कोणी काही विचारलंच नाही. तलाठ्याने सातबारा बघून अंदाज लिहिला, तहसीलदाराने सही केली. माझ्या बापाच्या घामाचा हिशेब मात्र नगरपरिषदेच्या लेखा विभागाने रुपयासकट देऊन ठेवला होता.

गेली दहा वर्षं मी हा फरक डोक्यात घेऊन फिरते आहे. समाजशास्त्रात एमए केलं, आता महाराष्ट्राबाहेर पीएचडी करते, आणि अजूनही मला वाटतं की या देशातल्या कल्याणकारी धोरणाचं अर्धं समाजशास्त्र त्या एका रांगेत होतं. उत्पन्नाची मर्यादा हा गरिबी मोजायचा तटस्थ फूट नाही. ती पगार मोजते, मजुरी मोजते, गरिबाने नव्याने जमवलेली चार भांडी मोजते. पिढ्यान्‌पिढ्या आपोआप आलेलं मात्र तिच्या नजरेतून सुटतं. आणि जात तर तिथेच साठवलेली असते. जमिनीत, वाड्यात, विहिरीत, सोसायटीच्या सभासदत्वात, मामाच्या ओळखीत.

आकडे बघू. अनुसूचित जातींसाठीची मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती १९४४ पासून चालू आहे. त्याआधी १९४२ मध्ये व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात असताना बाबासाहेबांनी अस्पृश्यांच्या तक्रारींचं जे निवेदन सादर केलं, त्यात शिक्षणासाठी सरकारी पैशाची मागणी होती. म्हणजे ही योजना कुणाच्या दयेतून आलेली नाही. तिची उत्पन्न मर्यादा २०१३ पासून अडीच लाख आहे. २०२१ मध्ये मार्गदर्शक सूचना नव्याने लिहिल्या गेल्या तेव्हाही हा आकडा जागचा हलला नाही. त्याच काळात आयकराचं काय झालं? २०१३-१४ मध्ये २ लाखांपर्यंत उत्पन्न करमुक्त होतं. २०२५-२६ पासून नव्या करप्रणालीत १२ लाखांपर्यंत कर लागत नाही. म्हणजे वर्षाला बारा लाख कमावणाऱ्याला सरकार म्हणतं, तुमच्याकडून काय घ्यायचं, महागाई किती वाढली आहे. आणि अडीच लाख एक रुपया कमावणाऱ्या सफाई कामगाराला म्हणतं, तुम्हाला काय द्यायचं, तुम्ही तर आता सुखवस्तू.

आणि देणार होते किती? त्याच २०२१ च्या सूचनांनुसार साधी पदवी करणाऱ्या, वसतिगृहात राहणाऱ्या विद्यार्थ्याला वर्षाला ६,००० रुपये. महिन्याला पाचशे. यासाठी उत्पन्नाचा दाखला, जातीचा दाखला, पडताळणी, आधार जोडणी, आणि वर्ष संपल्यावर पैसे.

महागाई भत्त्याची गोष्ट तर विनोदी आहे. भाव वाढले म्हणून भत्ता वाढतो, म्हणजे माणूस होता तिथेच राहतो. पण मर्यादा वाढत नाही. त्यामुळे बाप जागच्या जागी उभा असताना कागदावर 'श्रीमंत' होत जातो. दर वर्षी काही हजार घरं अशी काहीही न मिळवता रेषेच्या पलीकडे ढकलली जात असणार. सरकारला एकही योजना बंद करावी लागत नाही. नुसतं गप्प बसलं तरी पुरतं.

आकडे हलवता येत नाहीत असं मात्र नाही. खुल्या प्रवर्गातल्या विद्यार्थ्यांसाठी महाराष्ट्रात फी सवलतीची मर्यादा २०१६ पर्यंत १ लाख होती. मराठा मोर्चे निघाले आणि दोनेक वर्षांत ती टप्प्याटप्प्याने ८ लाखांवर गेली. योजनेला नाव दिलं राजर्षी शाहू महाराजांचं. शेतकऱ्याच्या मुलीला फी सवलत मिळाली याचं मला दुःख नाही, तिलाही शिकायचंच आहे. पण एकाच राज्यात, एकाच कॉलेजात, एकाच बाकावर बसलेल्या दोन मुलींपैकी एकीचा बाप आठ लाखांपर्यंत गरजू आणि दुसरीचा अडीच लाखांनंतर गरजू नाही, हे कोणत्या गणितात बसतं? हा आकडा अर्थशास्त्रातून येत नाही. रस्त्यावर कोण उतरलं आणि विधानसभेत कोण बसलं आहे, यातून येतो.

राष्ट्रीय पातळीवर हेच २०१९ च्या जानेवारीत १०३ व्या घटनादुरुस्तीने झालं. आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटक म्हणजे वर्षाला ८ लाखांपेक्षा कमी उत्पन्न, ५ एकरांपेक्षा कमी शेती, १,००० चौरस फुटांपेक्षा लहान फ्लॅट. महिन्याला पासष्ट हजार कमावणारं, साडेचार एकराचं मालक असलेलं सवर्ण घर 'दुर्बल'. आणि भूमिहीन मांग, कातकरी, धनगर? ते कितीही उपाशी असले तरी या व्याख्येत बसत नाहीत, कारण अनुसूचित जाती, जमाती आणि ओबीसींना त्यातून वगळलेलंच आहे. सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०२२ मध्ये तीन विरुद्ध दोन मतांनी हे वैध ठरवलं. सरन्यायाधीश लळित आणि न्यायमूर्ती भट यांनी या वगळण्यालाच विरोध केला होता. तो अल्पमतात राहिला.

म्हणजे आपल्याकडे 'गरीब' या शब्दाचे दोन अर्थ आहेत. सवर्णाची गरिबी आठ लाखांवर संपते. आपली अडीच लाखांवर. आणि विधवा, अपंग, निराधार बाईची तर त्याहून कितीतरी खाली.

संजय गांधी निराधार अनुदान योजना. कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न २१,००० रुपयांच्या आत हवं. वर्षाचं, महिन्याचं नाही. दिवसाला कुटुंबामागे सत्तावन्न रुपये. आता रोजगार हमीशी ताडून बघा. २०२४-२५ मध्ये महाराष्ट्रात रोहयोचा दर दिवसाला २९७ रुपये होता आणि कायदा शंभर दिवस कामाची हमी देत होता. शंभर दिवस पुरे केले तर २९,७०० रुपये होतात. एका विधवेने कायद्याने दिलेलं काम पुरतं केलं तर एकाहत्तराव्या दिवशी ती दुसऱ्या योजनेच्या हिशेबाने 'निराधार' राहत नाही. हे दोन्ही नियम एकाच सरकारचे, एकाच तहसीलच्या इमारतीत राबवले जाणारे.

अर्थात प्रत्यक्षात असं होत नाही, कारण प्रत्यक्षात सगळेच २०,००० चा दाखला काढतात. तलाठ्यालाही माहीत असतं, तहसीलदारालाही. २१,००० रुपयांत कुटुंब जगत नाही हे शासन निर्णय लिहिणाऱ्यालाही माहीत असणारच. मग ही मर्यादा कशासाठी ठेवलेली असते? मला विचाराल तर तिचं खरं काम पैसे वाचवणं नाही, माणसाला मिंधं ठेवणं आहे. ज्या बाईच्या हातात खोटा दाखला आहे ती ग्रामसभेत उभी राहून घरकुलाच्या यादीबद्दल विचारू शकत नाही. सरपंचाच्या माणसाने एक अर्ज टाकला की तिची चौकशी लागू शकते. अशक्य अट घालायची, मग ती मोडू द्यायची, आणि मोडल्याची आठवण हातात धरून ठेवायची. बलुतेदारीत बलुतं हे हक्काचं होतं की पाटलाच्या मर्जीचं, हा वाद जुना आहे. दाखल्याच्या रांगेत त्याचं उत्तर रोज मिळतं.

आता बचतीकडे येते. २०११ च्या सामाजिक-आर्थिक जातगणनेत कुटुंबाला आपोआप बाहेर काढणाऱ्या गोष्टींची एक यादी होती. दुचाकी, यांत्रिक मासेमारी होडी, ५०,००० वा त्याहून जास्त मर्यादेचं किसान क्रेडिट कार्ड, महिन्याला १०,००० च्या वर कमावणारी एखादी व्यक्ती, लँडलाइन फोन. आणि फ्रिज. प्रधानमंत्री आवास योजना ग्रामीण २०१६ मध्ये आली तेव्हा याच गोष्टी घरकुलासाठी अपात्रतेच्या ठरल्या.

माझ्या आत्याकडे फ्रिज होता. सेकंडहँड, दार दोरीने बांधायला लागायचं. बचत गटाकडून कर्ज काढून तिने तो घेतला, कारण वस्तीत दुधाच्या पिशव्या आणि उन्हाळ्यात पेप्सीकोला विकून दिवसाला शंभर रुपये सुटायचे. मोजणीला आलेल्या गुरुजींनी पत्र्याच्या खोलीतला तो फ्रिज पाहिला आणि खूण केली. फ्रिजवर पडणारं पावसाचं पाणी झेलायला ठेवलेली बादली कोणत्याही रकान्यात बसत नव्हती. घरकुलाच्या यादीत नाव आलं नाही. पुढे रमाई घरकुल योजनेतून तिचं घर झालं, पण त्याला आणखी चार पावसाळे गेले. २०२४ मध्ये केंद्राने निकष बदलले, फ्रिज, दुचाकी, लँडलाइन काढून टाकलं आणि १०,००० ची अट १५,००० केली. चांगलं झालं. तेरा वर्षं मात्र गरिबाच्या घरातला थंड पाण्याचा घोट श्रीमंतीचा पुरावा धरला गेला.

एकीकडे सरकार सांगतं, बचत गट काढा, जनधन खातं उघडा, लघुउद्योग करा, आत्मनिर्भर व्हा. दुसरीकडे त्या बचतीतून पहिली वस्तू आली की नाव कापतं. बचत करायची पण तिचा मागमूस दिसू द्यायचा नाही! दलितांनी नवे कपडे घालू नयेत, तांब्या-पितळेची भांडी वापरू नयेत, घोड्यावरून वरात काढू नये, हे नियम गावाने घातले होते. आपल्या अंगावर, आपल्या घरात काही दिसलं की ते कुणाच्या तरी डोळ्यांत खुपतं, ही गोष्ट आपल्याला नवी नाही.

याच्या उलट बाजूला काय दिसतं ते सांगते. पीएम-किसान योजनेत वर्षाला ६,००० रुपये मिळतात. अट काय? जमीन नावावर हवी. सुरुवातीला दोन हेक्टरांची मर्यादा होती, तीही २०१९ मध्ये काढून टाकली. त्यानंतर वीस एकरवाला पात्र, आणि त्याच्या शेतात राबणारी भूमिहीन बाई अपात्र. आयकर भरणारे वगळले आहेत खरे, पण शेतीच्या उत्पन्नावर आयकर नाहीच. लाडकी बहीण योजनेचं २०२४ चं उदाहरण आणखी बोलकं आहे. जूनअखेरीच्या शासन निर्णयात पाच एकरांपेक्षा जास्त शेती असलेलं कुटुंब अपात्र होतं. काही दिवसांत ती अट काढून टाकली. चारचाकी असलेलं कुटुंब अपात्र, पण कंसात लिहिलं आहे, ट्रॅक्टर वगळून. कर्जावर छोटा टेम्पो घेऊन भाजी वाहणाऱ्याची बायको बाद, ट्रॅक्टरवाल्याची आत. त्या कंसातले दोन शब्द मला कोणत्याही प्रबंधापेक्षा जास्त शिकवून गेले.

आता सगळ्यात कठीण उदाहरण घेते. गटारात उतरून मेलेल्या कामगाराच्या कुटुंबाला ३० लाख रुपये भरपाई द्यावी, असा आदेश सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०२३ मध्ये दिला. आधी ती १० लाख होती. समजा एका बाईला ते तीस लाख खरोखर मिळाले. तिने ते शहाणपणाने बँकेत ठेवले. सात टक्क्यांनी वर्षाला २,१०,००० व्याज. शिवाय ती दोन घरची धुणीभांडी करून महिन्याला ४,००० मिळवते. बेरीज २,५८,०००. मुलगी अकरावीत जाईल तेव्हा मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्तीच्या हिशेबाने तिचं घर रेषेच्या वर. निराधार योजनेच्या तर बारा पट वर. नवऱ्याच्या जिवाची किंमत 'इतर उत्पन्न' या रकान्यात भरायची. न्यायालयाने त्याच निकालात या मुलांना शिष्यवृत्ती द्या असंही म्हटलं आहे. पण नियमातलं 'सर्व मार्गांनी मिळणारं उत्पन्न' हे वाक्य कुणी खोडलेलं नाही.

इथे एक गोष्ट मुद्दाम नोंदवते. घाणीशी संबंधित काम करणाऱ्यांच्या मुलांसाठी दहावीपर्यंतची जी शिष्यवृत्ती आहे, तिला उत्पन्नाची अट नाही. म्हणजे सरकारला मर्यादेशिवाय योजना चालवता येते. मग अकरावीला काय होतं? दहावीपर्यंत शिकलेलं पोर झाडू मारायला पुरेसं साक्षर होतं, एवढाच अर्थ मी त्यातून काढते.

मला माहीत आहे, यावर काय विचारलं जाईल. कलेक्टरच्या मुलाला शिष्यवृत्ती कशाला? हा 'कलेक्टरचा मुलगा' प्रत्येक चर्चेत येतो. ऑगस्ट २०२४ च्या उपवर्गीकरणाच्या निकालात न्यायमूर्ती गवई यांनी अनुसूचित जाती-जमातींतही क्रीमी लेयर शोधावी असं मत मांडलं, तेव्हापासून तर आपल्यातलेही काही सुशिक्षित लोक मान डोलावू लागले आहेत. मी त्यांना एवढंच विचारते, कलेक्टरच्या मुलाला अडवण्यासाठी रेषा अडीच लाखांवर का लागते? कलेक्टरचा पगार अडीच लाखांच्या किती वर असतो? त्या रेषेवर पकडला जातो तो शिपाई, कंडक्टर, अंगणवाडीचा आणि पिठाच्या गिरणीचा पगार एकत्र केलेलं घर. वादात कलेक्टर उभा करायचा आणि दाखल्याच्या खिडकीवर झाडूवाल्याला परत पाठवायचं, ही लबाडी आहे.

आणि दुसरं, उत्पन्न सारखं झालं म्हणून घरं सारखी होत नाहीत. २०१३ च्या राष्ट्रीय नमुना पाहणीच्या आकडेवारीवरून टगडे, नाईक आणि थोरात यांनी संपत्तीचं जातवार वाटप मांडलं. हिंदू उच्च जाती लोकसंख्येच्या सुमारे २२ टक्के आणि संपत्तीत त्यांचा वाटा सुमारे ४१ टक्के. अनुसूचित जाती आणि जमाती दोन्ही मिळून जेमतेम ११ टक्के. पहिल्या पिढीत पगार मिळवणाऱ्या दलित माणसाचा पगार हा एकट्याचा नसतो. त्यात गावाकडच्या म्हाताऱ्यांचं औषध असतं, बहिणीचं लग्न असतं, सावकाराचं जुनं देणं असतं, जागेचं भाडं असतं. त्याच पगाराच्या सवर्ण सहकाऱ्याला भाडं नसतं, कारण घर आजोबांचं. दोघांच्या पगारपत्रकावर आकडा एकच.

गंमत म्हणजे हे सरकारला एकदा कळलं होतं. १९९३ मध्ये ओबीसींच्या क्रीमी लेयरचे नियम करताना पगार आणि शेतीचं उत्पन्न मिळकतीच्या चाचणीत एकत्र धरायचं नाही असं ठरलं. नोकरीत असलेल्यांसाठी हुद्दा बघायचा असं ठरलं. हीच समज अनुसूचित जातींच्या शिष्यवृत्तीला लावायला काय हरकत आहे? चतुर्थ श्रेणीतल्या कामगाराचा पगार मोजूच नका. मोजायचंच असेल तर संपत्ती मोजा, जमीन मोजा, घरं मोजा, सगळ्यांची मोजा. मर्यादा ठेवायचीच असेल तर ती महागाईशी बांधा, जशी खासदारांची पगारवाढ बांधली आहे. आणि रेषेच्या एका रुपयापलीकडे सगळं तोडू नका, उत्पन्न वाढेल तसा भत्ता कमी करत न्या. तामिळनाडूत रेशनचा तांदूळ गरीब-श्रीमंत न बघता दिला जातो. तिथलं राज्य बुडालेलं नाही.

मागच्या महिन्यात आत्याचा फोन आला. फूपा जाऊन आता पाच वर्षं झाली. तिला निराधारचे १,५०० मिळतात, आणि तिचाही दाखला इतरांसारखाच २०,००० चा आहे. मुलगी नववीत आहे. बचत गटाचे चाळीस हजार तिच्या वाट्याला आले होते. "पोस्टात टाकू का गं? पोरीच्या नावानं?" मी थोडा वेळ काही बोलले नाही. मग आधार, बँक, तहसील, सगळं एकमेकांना जोडलेलं आठवलं, पप्पांची ती बेरीज आठवली.

"नको आत्या," मी म्हणाले. "डब्यात ठेव."